मोन्सांचं रक्त

आमच्या गावातली माणसं पूर्वी खाणीत मरायची. खाण बंद झाल्यापासून ती अंथरुणात मरतात, आणि त्याआधीचा रिकामा वेळ पूर्वज शोधण्यात घालवतात.

त्यासाठी आमच्याकडे अभ्यासमंडळ आहे. दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या खालच्या खोलीत भरतं. शाळेतल्या निवृत्त एब्बाबाई ते चालवतात. लोकांनी काही शिकावं म्हणून स्वीडिश सरकार अशा मंडळांना कॉफीपुरता खर्च देतं, आणि लोक दालचिनीच्या पावासाठी येतात. मीही त्यातलाच. तालुक्याच्या वाचनालयात एक यंत्र आहे, त्यात जुन्या चर्चच्या वह्यांची चित्रं दिसतात. कोण कधी जन्मला, कुठल्या घरात राहिला, धर्मपुस्तक किती अडखळत वाचलं, सगळं पाद्र्यांनी लिहून ठेवलंय. तिथून डोळे फोडून आणलेले पूर्वज मंगळवारी कॉफीबरोबर मांडायचे.

पहिल्या हिवाळ्यात प्रत्येकाला एकेक वल्लून सापडला. हे वल्लून म्हणजे फार पूर्वी दक्षिणेकडून आणवलेले लोहार. काळे केस, काळे डोळे, आणि लोखंड वितळवण्यात असे तरबेज की राजासुद्धा त्यांना नीट बोलायचा म्हणे. आमच्या पट्ट्यात वल्लूनचा वंशज असणं म्हणजे जवळजवळ सरदार असणं. एब्बाबाईंचे डोळे तपकिरी निघाले. होते तपकिरीच, पण मंडळ सुरू झाल्यावर त्या ते जास्त उघडे ठेवू लागल्या. मेलेले घोडे सोलणारा पूर्वज मात्र कुणालाच सापडला नाही. तीनशे वर्षं या पंचक्रोशीतले घोडे बहुधा स्वतःच कातडं उतरवून खुंटीला टांगत असावेत.

एकटा हेल्मर प्रामाणिक. त्याला तीन लोहार, दोन भूमिहीन मजूर आणि डुकराची तंगडी चोरून तुरुंगात गेलेला एक इसम, एवढंच सापडलं. त्यानं ते वाचून दाखवलं आणि पाव खाल्ला.

सगळ्यात मोठा शोध होता तोरवाल्डचा. आमच्याकडे माणसाला घराचं नाव लागतं, तेही त्याच्या नावाच्या आधी. मी क्लोक घरात राहतो म्हणून मी क्लोक एलोफ. हेल्मर स्मेड घरातला, म्हणजे लोहारांच्या, म्हणून स्मेड हेल्मर. आणि तोरवाल्ड म्हणजे मोन्स तोरवाल्ड. मोन्स हे घर गावात पहिलं. शेत त्यांचं, खाणीत वाटा त्यांचा, भट्टीत पाळी त्यांची. उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात दगड फोडायचा. चर्चमध्ये पुढचा बाकसुद्धा मोन्सांचा, आणि तिथं थंडी सगळ्यात जास्त लागते तरी त्यांनी तो कधी सोडला नाही.

खाण लागली तीही मोन्सांमुळे. जुन्या काळी मोन्स मॅट्सची मायरोस नावाची गाय दलदलीत अडकली. संध्याकाळी घरी आली तर शिंगं तांबडी लाल. मॅट्सला वाटलं, गाईनं कुणाला तरी मारलं. शेजारीपाजारी मोजून पाहिले, सगळे जागेवर होते. मग तो दलदलीत जाऊन खणू लागला आणि त्याला लोखंड लागलं. गाय पुढे तेवीस वर्षं जगली आणि शेवटपर्यंत तिचं दूध किंचित गंजाच्या चवीचं होतं, असं माझा आजा सांगायचा. त्यानं ते चाखलं नव्हतं, पण सांगताना तोंड वाकडं करायचा.

त्या उन्हाळ्यात गावानं मॅट्सच्या नावानं शिळा उभी करायची ठरवलं. पडदा कुणी दूर करायचा यावर चर्चा झालीच नाही. तोरवाल्डनं हात वर केला आणि तो खाली घ्यायला विसरला.

शिळेला शोभावी म्हणून त्यानं वंशावळीची फळी रंगवली. घरं, गोठे, संडास ज्या तांबड्या मातीच्या रंगानं आम्ही रंगवतो त्याच रंगात. वर मोन्स मॅट्स, खाली मोन्स ओलोफ, मोन्स पेर, असं करत करत सगळ्यात खाली मोन्स तोरवाल्ड. नऊ नावं. कुणाच्या बापाचं नाव त्यात नव्हतं. फळी अरुंद होती म्हणाला. एब्बाबाईंनी पहिल्याच मंगळवारी सांगितलं होतं की पूर्वज शोधायचा पहिला नियम म्हणजे स्वतःपासून सुरुवात करायची. आपण कुठं जन्मलो, कुणाच्या पोटी, आणि मग एकेक पायरी मागं. तोरवाल्ड म्हणाला, "मला मी माहीत आहे. आजोबांपासून धरा."

बाई काही बोलल्या नाहीत. आम्हीही नाही. इथं आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. ताटलीतलं शेवटचं बिस्किट आमच्याकडे कुणी उचलत नाही. सगळ्यांना हवं असतं, सगळे त्याच्याकडे बघतात, आणि ते तसंच वाळून जातं. काही गोष्टींचंही गावात तसंच होतं.

आता रुनाबद्दल. रुना तोरवाल्डची सून. वेस्तेरोस शहरातल्या कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. तोरवाल्डच्या लेनार्टशी लग्न करून आली तेव्हा गाय आणि बैल यांतला फरक तिला विचारून घ्यावा लागला होता. लेनार्ट छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नव्हतं. पुढच्या वर्षी सासू एल्सा गेली. पण जाण्याआधी एल्सानं रुनाच्या हातात गाई हाकारायचं शिंग दिलं. आमच्याकडे शेत बापाकडून येतं आणि गाई सासूकडून. म्हणजे भिंती तोरवाल्डच्या आणि गोठ्यात उभ्या असलेल्या अकरा गाई रुनाच्या.

दोघं एकाच टेबलावर जेवायची. ती बटाटे वाढायची आणि तो बटाट्यांना सांगायचा की घर रक्ताकडे जातं. "तू चांगली आहेस, रुना," तो म्हणायचा, "पण तू मोन्स नाहीस." हे गावाला कसं कळलं? रुना दूध काढताना शेर्ना नावाच्या गाईशी बोलते आणि गोठ्याची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे.

मग रक्त शोधायची मोहीम निघाली. मोन्स घरातला कार्ल नावाचा एक मुलगा फार पूर्वी अमेरिकेला गेला होता. दोन नाताळ त्याची पत्रं आली, मग थांबली. तोरवाल्डच्या सांगण्यावरून एब्बाबाईंनी तिकडच्या स्वीडिश लोकांच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, आणि वसंतात उत्तर आलं. मिनेसोटाहून, वेंडेल मोन्स नावाच्या माणसाचं. पणजोबा मोन्स कार्ल, तुमच्याच गावच्या मोन्स घरातून आलेला. स्वतः वेंडेल तिकडच्या लोखंडाच्या खाणीत यंत्र चालवून निवृत्त झालेला, विधुर, येण्यास उत्सुक. तोरवाल्डनं ते पत्र चर्चच्या पायऱ्यांवर वाचून दाखवलं. त्याच संध्याकाळी जेवताना रुनाला सांगितलं की शिळेच्या दिवशी तो घर वेंडेलला देत असल्याचं जाहीर करणार, आणि कागद शरदात होतील.

रुनानं विचारलं, मग मी? तो म्हणाला, बघू, बोलू त्यावर. म्हणजे बहिणीकडे जा. बहीण वेस्तेरोसला तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे, पण तिच्यात एका वेळी चार माणसं मावतात. अकरा गाईंचं काय करायचं हे रुना शेर्नाला विचारत होती ते मी माझ्या कानांनी ऐकलं. रस्त्यानं चाललो होतो. जरा सावकाश चाललो होतो.

शिळेचा दिवस जुलैतला रविवार. आधी मोन्सांच्या अंगणात कॉफी, मग मिरवत दलदलीपर्यंत जाऊन शिळा. टेबलावर सात प्रकारची बिस्किटं होती, कारण सहा केली तर बाई आळशी ठरते आणि आठ केली तर गर्विष्ठ. रुनानं सातच केली होती. जायच्या आधीसुद्धा तिनं गावाला बोलायला जागा ठेवली नाही.

वेंडेल आदल्या दिवशीच आला होता. लांब, उन्हानं भाजलेला, हसरा. त्याला आमची बोली येत होती. आजीकडून शिकलेली, तिनं तिच्या सासऱ्याकडून उचललेली, म्हणजे शंभर वर्षं डबाबंद ठेवलेली. जे शब्द आमचे आजे खाणीत बरोबर घेऊन गाडले गेले, ते हा माणूस साखर मागताना वापरायचा. म्हाताऱ्या क्लोक अण्णानं, म्हणजे माझ्या चुलत बहिणीनं, त्याचं पहिलं वाक्य ऐकून हात जोडले. तिला वाटलं, तिला न्यायला आलेत.

टेबलाच्या एका टोकाला तोरवाल्ड, पाठीमागे झाडाला टेकवलेली फळी. दुसऱ्या टोकाला, जितकं लांब बसता येईल तितकं लांब, हेल्मर. या दोघांचं वैर ओढ्याच्या पाण्यावरून. तीस वर्षं ते एकमेकांशी थेट बोललेले नाहीत. सभेत काही म्हणायचं तर अध्यक्षाला उद्देशून म्हणतात. "स्मेडांच्या रक्तात काजळी आहे," हे तोरवाल्डचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की हेल्मर मान वर करायचा, आता काही बोलणार असं वाटायचं, आणि मग पावाचा तुकडा तोंडात घालायचा. दोघांची नाकं उकडलेल्या बटाट्यासारखी, एकाच टोपल्यातली. पण नाकावरून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

तोरवाल्ड उभा राहिला. काठीनं फळीवरची नावं वरून खाली दाखवत आला. मॅट्सपासून आपल्यापर्यंत नऊ मोन्स आणि एकच रक्त, असं म्हणाला. या रक्तानं खाण खणली, जंगल तोडून शेत केलं, कर भरला, चर्चचा पुढचा बाक ऊबदार ठेवला. आता हे रक्त समुद्र ओलांडून परत आलंय. येत्या शरदात मोन्स घर आणि शेत वेंडेलच्या नावावर होईल.

रुना तेव्हा एब्बाबाईंना कॉफी ओतत होती. ती ओतत राहिली. कप भरला, बशी भरली, मग बाईंचा मांडीवरचा रुमाल भरला. चटका बसूनही बाई हलल्या नाहीत. वल्लून रक्त असेल.

टाळ्या पडल्या, पण विरळ. लोक रुनाकडे बघत नव्हते आणि न बघण्यात हात गुंतले होते. वेंडेलनं मात्र ताटलीतलं शेवटचं बदामी बिस्किट उचललं, सगळ्यांच्या देखत. टेबलावरून एक उसासा गेला. ते चावत चावत तो म्हणाला की तोरवाल्डकाकांचे उपकार आहेत, पण काहीतरी घोटाळा झालेला दिसतो. आपला पणजोबा कार्ल मोन्सांच्या घरात होता खरा, पण गडी म्हणून. एक हिवाळा. गोठ्याच्या माळ्यावर झोपायचा. सॉसेज चोरलं म्हणून मालकानं हाकलला, तो चालत बंदरापर्यंत गेला. हे सांगताना वेंडेलची छाती फुगली होती. तिकडे अमेरिकेत म्हणे ज्याचा पणजोबा जास्त उपाशी, तो जास्त मोठा. वेंडेलच्या शेजाऱ्याचा पणजोबा नुसताच गरीब होता, चोरी वगैरे नाही. त्याला वेंडेल कमी लेखायचा. त्याला तो माळा बघायचा होता, आणि जमलं तर सॉसेज टांगायची खुंटीही.

तोरवाल्डचा चेहरा फळीच्या रंगाचा झाला. "मग तू मोन्स कसा?"

"मोन्सांकडे झोपायचा ना," वेंडेल म्हणाला. "तुमच्याकडे तशीच रीत आहे, असं आजी सांगायची. मालक असो नाहीतर गडी, ज्या घरात राहिला त्या घराचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रीत तीच होती.

पण तोरवाल्ड खाणवाल्यांच्या बाकावर बसलेला माणूस. छत कोसळलं तरी बाजूनं बोगदा काढायचा. गड्याचं सोडा म्हणाला. गडी येतात, जातात, नाव पळवतात. मालकाचं तसं नसतं, मालकाला रक्त लागतं. आणि बोट रुनाकडे करून म्हणाला, "हिला माझ्या घरात राहून किती वर्षं झाली. म्हणून काय ही मोन्स झाली? बाहेरून आलेला माणूस बाहेरचाच."

रुनानं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. पुसायचं फडकं घेतलं आणि आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसू लागली.

वेंडेल बिचारा ओशाळला. आपल्यामुळे म्हाताऱ्याचा दिवस खराब झाला असं वाटून त्यानं विषय बदलला. गळ्यातला कॅमेरा काढला आणि मोठ्या मायेनं म्हणाला, "काका, तुम्ही स्वतः कुठल्या खोलीत जन्मलात? तेवढा फोटो घेतो."

तोरवाल्डनं हात उचलला. आधी वरच्या मजल्याच्या खिडकीकडे. तिथं तो थबकला. मग हात हळूहळू छपरावरून सरकला, सफरचंदाच्या झाडावरून सरकला, कुंपण ओलांडून ओढ्यापलीकडे गेला आणि स्मेडांच्या तांबड्या घरावर जाऊन थांबला. तिथंच राहिला. तो हात आपलाच आहे का, असं तोरवाल्ड त्याच्याकडे बघत होता.

आम्ही सगळे आपापल्या कपात बघत होतो. कपात इतकं काही नव्हतं.

तेव्हा हेल्मर बोलला. अध्यक्षाला उद्देशून नव्हे.

"स्वयंपाकघरामागची खोली," तो म्हणाला. "तू तिथं जन्मलास आणि सहा वर्षांनी मी. पलंग तोच आहे अजून."

तोरवाल्डनं हात खाली घेतला.

"तू एल्साशी लग्न करून कुंपणापलीकडे गेलास, दादा. आई दर रविवारी तुझ्या वाटणीचे बटाटे काढून ठेवायची. तू आला नाहीस. मग मी खायचो." हेल्मरनं स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "ते हे."

मी खूप माणसं विसरताना बघितली आहेत. कुणी चष्मा विसरतो, कुणी बायकोचा वाढदिवस. पण माणूस एखाद्या घरात पन्नासाहून जास्त वर्षं राहिला, त्याच्या बाकावर बसला, त्याचं गवत कापलं, त्याच्या वतीनं भांडला, सासऱ्याला बाबा म्हणाला, की आपण जावई म्हणून आलो होतो हे तो विसरू शकतो. आमच्या गावात विसरू शकतो. कारण आठवण करून देणारं कुणी नसतं, सगळे बिस्किट सोडून बसलेले.

पण आता पहिलं बिस्किट उचललं गेलं होतं. क्लोक अण्णा म्हणाली की फळीवरचा मोन्स योहान, म्हणजे एल्साचा बाप, आमच्या क्लोकांकडचाच. तिकडे जावई म्हणून गेला तेव्हा तिच्या आजीनं लग्नात नाचून बूट फाडला होता. दुसरा कुणी म्हणाला की मोन्स ओलोफ खाणीत दगडाखाली गेला आणि त्याच्या विधवेनं गड्याशी लग्न लावलं, तोच फळीवरचा मोन्स पेर. मग पेरची बायको बाळंतपणात गेली आणि त्यानं दुसरी केली, आणि पेर गेल्यावर त्या दुसरीनं तिसरा केला. दगड नवरा न्यायचा, विधवा गाई राखायची, आणि जो तिच्या दाराशी टोपी काढून उभा राहील तो मोन्स. थोडं मीही बोललो. चौथ्या नावाबद्दल मला नक्की काही माहीत नव्हतं, पण सगळे बोलत असताना गप्प बसणं बरं दिसत नाही. कॉफी संपेपर्यंत नऊ मोन्सांची आठ घरं झाली आणि रक्ताचा धागा कुठंही दोन नावांपुढे टिकला नाही. एब्बाबाई ओला रुमाल पिळत एवढंच म्हणाल्या की पहिला नियम त्यांनी पहिल्या मंगळवारीच सांगितला होता.

तोरवाल्ड उठला आणि काठी तिथंच टाकून गोठ्याकडे गेला. थोड्या वेळानं रुना त्याच्यामागे गेली. मला नेमकं तेव्हाच गोठ्याच्या खिडकीपाशी उगवलेल्या खाजकुयल्या बघायच्या होत्या.

शेर्नाला वासरू व्हायचं होतं म्हणून ती एकटीच आत बांधलेली. तोरवाल्ड दूध काढायच्या तिपाईवर बसला होता. तो त्या तिपाईवर पूर्वी कधी बसल्याचं मला आठवत नाही.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"सासूबाईंनी लग्नाच्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणाल्या, तो विसरलाय. छान विसरलाय. तू आठवण करून देऊ नकोस."

तोरवाल्डनं मांडीवरचा भुसा झटकला. गाय रवंथ करत होती.

"आणि तू इतकी वर्षं माझं ऐकून घेतलंस. रोज जेवताना."

"धार काढून आलं की कानात तोच आवाज असतो, बाबा. सगळं नाही ऐकू येत."

"मी आलो तेव्हा मला गाईंची नावंसुद्धा येत नव्हती," तो म्हणाला. "स्मेडांकडे घोडे. एल्सानं इथंच, या तिपाईवर बसून पाठ करून घेतली. आई, तिची आई, तिची आई. आता मधली निसटलीत. तुला येतात?"

रुनानं शेर्नाच्या पाठीवर हात ठेवला आणि सुरू केलं. शेर्नाची आई गुलरोस, गुलरोसची लिल्या, लिल्याची क्रोना, क्रोनाची ब्लोमा, आणि तशीच मागं मागं, श्वास न तोडता, जसं सासूनं सांगितलं आणि सासूला तिच्या सासूनं किंवा आईनं, जी त्या पिढीत घरात होती तिनं. माझ्या पायाला खाजकुयल्या लागल्या तरी मी हललो नाही. शेवटी ती दलदलीशी पोचली आणि थांबली. मायरोस.

"तुटलं नाही," तोरवाल्ड म्हणाला.

"कसं तुटेल? बघायला कुणीतरी रोज होतं."

तो तिपाईवरून उठला. उठायला तिचा हात घेतला. मग खुंटीवरचा दोर काढून शेर्नाच्या शिंगांना बांधू लागला. रुनानं विचारलं, हे काय करता? तो म्हणाला, शिळेला उशीर होतोय.

दलदलीपाशी आम्ही सगळे जमलो होतो. म्हणजे मी धापा टाकत आडवाटेनं पोचलो होतो. शिळेवर एब्बाबाईंची टेबलावरची चादर पांघरलेली, भरतकामाची. वाटेनं पुढे तोरवाल्ड, मध्ये गाभण शेर्ना, मागे रुना. वेंडेल उलटा चालत फोटो काढत होता आणि दोनदा चिखलात बसला. हेल्मर बाजूला उभा होता. तोरवाल्ड त्याच्यासमोर आला, थांबला, आणि दोराचं टोक त्याच्या हातात दिलं.

"धर जरा," म्हणाला. तीस वर्षांतलं त्याचं पहिलं थेट वाक्य. हेल्मरनं धरला.

मग तोरवाल्डनं भाषण केलं. सकाळचं भाषण जणू झालंच नव्हतं. म्हणाला, ज्या मायरोसनं ही खाण शोधली तिच्या सरळ रक्ताचं या गावात एकच कुणी उरलंय आणि ते आपण बरोबर आणलंय. मॅट्सनं काय, नुसतं खणलं. आणि जिच्याकडे मायरोसच्या गाई, तिच्याकडे घर. मोन्सांत पहिल्यापासून असंच चालत आलंय, आपण नेहमी तेच सांगत होतो. शरदात कागद रुनाच्या नावे होतील.

कुणी हसलं नाही, कुणी आठवण करून दिली नाही. तेही बिस्किट आम्ही ताटलीत राहू दिलं.

रुना मात्र म्हणाली, "मोन्सांत म्हणजे कुणात, बाबा?"

"आपल्यात," तो म्हणाला. "आपण दोघं जे बाहेरून आलोत त्यांच्यात."

तिनं मान फिरवली आणि उगाचच गाईच्या कानातली गवताची काडी काढली. शेर्नाला भाषणात रस नव्हता. तिनं मान लांब केली, चादरीचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. शिळा उघडी पडली. चादर अर्धी आत गेली होती, ती काढायला हेल्मर आणि तोरवाल्ड दोघांनाही हात लावावा लागला. एकानं जबडा धरला, दुसऱ्यानं ओढलं, आणि दोघं एकमेकांना ओरडत होते, जसे भाऊ ओरडतात.

कागद शरदात झाले. तोरवाल्ड आता रविवारी दुपारी कुंपण ओलांडून बटाटे खायला जातो. हेल्मर थोडा बारीक झालाय. वेंडेलला माळा दाखवला. खुंटी नव्हती, म्हणून मी आदल्या रात्री एक ठोकून ठेवली. तो तिच्यापुढे टोपी काढून उभा राहिला. पुढच्या उन्हाळ्यात गवत कापायला येतो म्हणालाय. रुना म्हणाली, माळ्यावर झोपावं लागेल. तो म्हणाला, त्यासाठीच. फळी गोठ्यात आहे, वासरांच्या कप्प्याला दार म्हणून. नावं आतल्या बाजूला.

आणि अभ्यासमंडळानं विषय बदलला. माणसांमध्ये काही राम राहिला नाही असं ठरून या हिवाळ्यात सगळे आपापल्या गाईंचं मूळ शोधतायत. आत्तापर्यंत गावातल्या निम्म्या गाई मायरोसच्या वंशाच्या निघाल्या आहेत. ज्यांच्याकडे गाय नाही त्यांनी शेळी धरलीय. मी त्या भानगडीत पडलो नाही. आमची तांबडी गाय वल्लून आहे. डोळे काळेभोर आहेत तिचे.